पडलेल्या झाडावरची दाढी

तर साडूनं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाला, "इंटरनेटवर सापडलं ना? मग ते सगळ्यांचं!" इथवर काल सांगून झालं होतं. पण खरी मजा त्याच्या पुढंच आहे. आपले हलूनका खुर्चीत बसले होते, ते ताडकन उठले.

"असं? मग उद्या रस्त्यात सायकल उभी दिसली तर तीही सगळ्यांची का?"

"साडूबुवा," साडूही तसंच म्हणाला, "सायकल नेली तर मालकाला पायी जावं लागतं. फोटो मी घेतला तरी तुमचा फोटो तुमच्याकडंच आहे की! तुमचं गेलं काय?"

काहीतरी गेलंय हे हलूनकांना नक्की कळत होतं, पण बोट ठेवून दाखवावं असं काही सापडेना. त्यांनी टोपी उचलली, दारातल्या चपला उलट्या पायांत घातल्या आणि चालू पडले. चपलांचं त्यांना कोपऱ्यावर जाऊन कळलं. पण साडूची बायको खिडकीतून बघत असेल या धास्तीनं ते घरापर्यंत तसेच चालत गेले, बदकासारखे.

काल जे नव्हते त्यांना सांगायला हवं, की हलूनका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घड्याळवाल्याच्या दुकानामागं दोन खोल्या. एकीत कॅमेरा आणि पडदा, दुसरीत अंधार आणि फोटो धुवायच्या औषधांच्या बशा. पडद्यावर एक रंगवलेला जिना होता, तो कुठंच जात नव्हता. लहान पोरं हमखास त्यावर चढायला जायची आणि कपाळ आपटून घ्यायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हलूनका कॅमेऱ्यावर वाकायचे आणि म्हणायचे, "हलू नका!" ते इतकं जरबेनं, की माणूस श्वास घ्यायचा विसरे. एकदा एक नवरदेव असाच श्वास धरून बसला आणि हलूनका दिव्याचा कोन जमवतायत तोवर बायकोच्या मांडीवर आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारावं? "हललो का हो मी?" तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा गोळ्या देताना म्हणतो, "घ्या हलूनका."

तर एकेचाळीस वर्षं या माणसानं गावाचे चेहरे काढले. आणि कौतुक किती मिळावं? फोटो हातात पडला की प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "मी असा दिसतो का हो?" असा सूर, की जणू चेहरा हलूनकांनी बिघडवला! त्यामुळं कौतुकाच्या बाबतीत हा माणूस जरा कोरडाच राहिला. दुसऱ्याच्या ताटात कौतुक पडलेलं दिसलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची. शेजारच्या घड्याळवाल्याला कुणी 'हात काय आहे तुमचा' म्हटलं, की हे इकडं तोंड फिरवून पडद्यावरचा जिना पुसायला लागत.

आणि साडू म्हणजे तर जुनं दुखणं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पाणीखात्यात मीटर वाचायचा. हयातभर लोकांच्या अंगणात वाकून आकडे लिहिले. त्याच्या लग्नाचे फोटो हलूनकांनीच काढले होते. त्या वेळी साडूच्या नाकावर वाटाण्याएवढी पुळी आली होती आणि गालांवर देवीचे जुने व्रण. हलूनकांनी दोन दिवस खिडकीशी बसून निगेटिव्हवर अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं एकेक व्रण भरून काढला, पुळी पुसली, हनुवटीलाही थोडा आकार दिला. फोटो असा उतरला की सगळे नातेवाईक म्हणाले, "जावई काय देखणा आहे!" जावई देखणा! पेन्सिलीचं कुणी नाव काढेना. तेव्हापासून म्हणजे अडतीस वर्षं हलूनका मनात म्हणत आलेत, याला रूप दिलं मी, आणि मिरवतोय हा.

पण तोवर ते सगळं आतल्या आत चालायचं. भडका उडाला साडू निवृत्त झाल्यावर. वेळ जाईना म्हणून त्यानं मोबाइलवर 'कालचे दिवस' नावाचं पान उघडलं. इंटरनेटवर इकडंतिकडं हिंडायचं, कुठं जुन्या पुलाचा, कुठं बंद पडलेल्या थेटराचा फोटो दिसला की उचलायचा, त्यावर आडवं आपलं नाव छापायचं, खाली 'माझ्या संग्रहातून' असं लिहायचं आणि द्यायचा सोडून. फोटो कुणी काढला, कधी काढला, कशाला विचारायचं! आणि लोक वेडे व्हायचे. 'वा काका!' 'डोळ्यांत पाणी आलं काका!' 'तुमच्यामुळं जुना काळ जिवंत आहे काका!' अहो, ज्यानं आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नाही त्याला लोक रस्त्यात थांबवून हात जोडायला लागले. एके दिवशी दवाखान्यात रांगेत उभे असताना एका बाईनं हलूनकांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही त्या फोटोवाल्यांचे साडू ना?"

त्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि दोनदा यंत्र तपासलं.

आणि त्यातच आला तो झाडाचा फोटो. काल साडूनं मोबाइल पुढं केला होता तो याच फोटोसाठी. फार वर्षांपूर्वी एका वादळात कचेरीसमोरचं अवाढव्य झाड आडवं झालं होतं. त्याच्या फांद्यांनी न्हाव्याच्या दुकानाचं दार असं काही अडलं की माणूस आत जाईना. पण न्हाव्याचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं, रोज सकाळी दाढी करून कामाला जाणारा माणूस. तो आला, न्हाव्यानं खिडकीतून हात घालून साबणाची वाटी आणि वस्तरा ओढून काढला, गिऱ्हाइकाला सरळ पडलेल्या बुंध्यावर बसवलं आणि दाढी सुरू केली. तेवढ्यात फोटो निघाला. मागं उखडलेली मुळं, घरांएवढ्या फांद्या, लोक हवालदिल, आणि मधोमध अर्ध्या तोंडाला फेस लावलेला माणूस मान वर करून बसलाय, न्हावी करंगळी उचलून वस्तरा चालवतोय. फोटो बघून हसूही येतं आणि धीरही येतो. साडूनं तो टाकला आणि दोन दिवसांत दूरदूरच्या शहरांतले लोकसुद्धा तो एकमेकांना पाठवायला लागले.

हलूनकांनी तो पाहिला मात्र, अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण फोटोच्या डाव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या चौकटीचा एक टवका उडाला होता; त्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या डाव्या काठावर ती खाच उमटायची. जगात दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याची तशी खाच नसणार. फोटो त्यांच्या स्टुडिओचा होता! आणि साडूनं काय केलं होतं, तर आपलं नाव ठळक बसावं म्हणून चौकोनी फोटोची उजवी बाजू चार बोटं कापून टाकली होती आणि तिथं पट्टी मारली होती, 'माझ्या संग्रहातून'.

म्हणून तर ते तरातरा साडूकडं गेले होते, आणि म्हणून चपला उलट्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. वाचनालयाच्या मोठ्या खोलीतली एक अख्खी भिंत रंगवून रिकामी केली होती. तिच्यावर एकच फोटो लावायचा ठरला होता, झाडाचा, पुरुषभर उंचीचा, आणि खाली काढणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर. बाईंनी आधी साडूला विचारलं होतं. साडू म्हणाला, "लावा की, माझं नाव माहीतच आहे तुम्हाला." पण बाई पक्क्या. चौकशी करता करता त्यांना घड्याळवाल्यानं हलूनकांचं नाव सांगितलं.

हलूनका इस्त्रीचा सदरा घालून हजर.

"काका, मला आधी एक सांगा," बाई म्हणाल्या, "हा फोटो तुमचाच ना?"

"बाई, खाच बघा खाच! आईनं लेकराचा तीळ ओळखावा तशी ओळखली मी."

"मग तुमच्या परवानगीशिवाय आम्हाला तो लावता येणार नाही. तुमच्या साडूंनीही टाकायला नको होता."

"तो म्हणतो, सापडला म्हणजे सगळ्यांचा. वर म्हणतो, जुना आहे."

बाई हसल्या. "फोटो सापडला म्हणजे मालक अजून सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि फोटो जुना झाला म्हणून मोकळा होत नाही काका. ज्यानं काढला त्याचा हक्क त्याच्या हयातीत तर राहतोच, नंतरही पुष्कळ वर्षं राहतो. घरात छापील प्रत असली तर कागद तुमचा. चित्र मात्र ज्यानं बटण दाबलं त्याचं."

हलूनकांना वाटलं, ही बाई आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी का भेटली नाही! काल साडूनं विचारलं होतं, गेलं काय? हे गेलं होतं. बटण दाबणाऱ्याचं नाव गेलं होतं. बाईंनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर छापलं होतं, 'हे छायाचित्र मी स्वतः काढलेले आहे.' बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत सही झाली, आणि तीही अशी वळणदार की शेवटचा फराटा समासाबाहेर गेला.

"आता फक्त मूळ निगेटिव्ह आणून द्या गुरुवारपर्यंत. साडूंचा फोटो कापलेला आहे, मला पूर्ण हवा. मोठा करायचाय ना."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून मटार सोलत होती.

"पुरुषभर उंच! खाली पितळी पट्टी! आता बघू दे त्या मीटरवाल्याला."

"हं," बायको म्हणाली.

"आठवतं ना तुला? मी शिडीवर चढलो होतो. वरून पाऊस गळतोय, खाली न्हावी ओरडतोय, पडाल पडाल म्हणून…"

"शिडीचं दर वेळी सांगता तुम्ही," ती म्हणाली. "निगेटिव्ह सापडेल का पण?"

"न सापडायला काय झालं! माझं काम आहे."

सापडलंही. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत वर्षावर्षाच्या पाकिटांची चळत होती. पाकिटांवर अक्षर बायकोचंच. ते काम कायम तिच्याकडं असे. हलूनकांनी ते निगेटिव्ह चिमट्यानं काढलं, खिडकीच्या काचेवर धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं. न्हाव्याचा पांढरा सदरा काळाकुट्ट दिसत होता, गिऱ्हाइकाच्या तोंडावर काळा फेस होता. खाच जागच्या जागी. मग भिंग हळूहळू उजवीकडं सरकलं. साडूनं कापलेल्या चार बोटांत.

तिथं एका मोडक्या फांदीला न्हाव्यानं आपला आरसा टांगला होता. आरसा तिरका झाला होता, आणि त्यात फोटो काढणारं माणूस उतरलं होतं. भिंगातूनही अंगठ्याच्या नखाएवढंच. दोन्ही हातांनी पोटाशी कॅमेरा धरलेला, कारण तो कॅमेरा वरून खाली बघून चालवायचा असे, आणि मान खाली झुकलेली. चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो अंबाडा. आणि निगेटिव्ह असल्यामुळं तो अंबाडा पांढराशुभ्र होता.

हलूनकांनी भिंग खाली ठेवलं आणि दारातून पाहिलं. पांढऱ्या अंबाड्याची एक बाई मान खाली घालून मटार सोलत होती.

आणि मग एकेक सगळं वर यायला लागलं. वादळाच्या आठवड्यात त्यांना गालगुंड झाले होते. बत्तिसाव्या वर्षी! पोरांचं दुखणं, तोंड भोपळ्याएवढं झालेलं. जो माणूस गावाला रूप देतो त्याचंच असं रूप कुणी पाहू नये म्हणून त्यांनी खोलीत कोंडून घेतलं होतं, दुकानावर 'बाहेरगावी गेले आहेत' अशी पाटी लावली होती. कॅमेरा घेऊन बायकोच गेली होती. त्या गोंधळात कॅमेऱ्यामागं कोण आहे ते कुणी नीट पाहिलं नाही. फिल्म धुतली तिनं, छापलीही तिनंच. न्हाव्यानं प्रत दुकानात लावली, मागं शिक्का स्टुडिओचा. हलूनका बरे होऊन बाहेर पडले तेव्हा लोक पाटीचं विसरून, शिक्क्यावरून म्हणाले, "काय फोटो काढलात हो!" पहिल्यांदा ते नुसतं 'हं हं' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'मी असा दिसतो का' सोडून दुसरं काही बोललं होतं. ते परत द्यायचा धीर झाला नाही. पुढच्या वर्षी मान डोलवायला लागले. पाचव्या वर्षी शिडी आली. दहाव्या वर्षी ओरडणारा न्हावी आला. आणि नंतर तर त्यांना खरंच ओलसर शिडी पायाखाली जाणवायला लागली होती.

आता माणूस अशा वेळी लाजेल, शरमेल. हलूनकांना काय झालं ठाऊक आहे? जळफळाट! साडू राहिला बाजूला. ज्या फोटोवर अख्खा मुलूख खूश झाला तो बायकोनं काढला? जिला आपण फिल्म भरायला शिकवली तिनं? त्यांनी पुन्हा भिंग उचललं आणि फोटोत खोट शोधायला बसले. प्रकाश? प्रकाश बरोबर. चौकट? अशी, की त्यांना जन्मात जमली नसती. ते असते तर न्हाव्याला 'हलू नका' म्हणाले असते आणि ती करंगळी मेली असती. शेवटी एक खोट सापडली. मागच्या मुळांपेक्षा पुढची पानं जास्त ठळक आली होती. तेवढ्यावर त्यांनी दुपार काढली.

पण कागदावर सही झालेली. आणि निगेटिव्ह मोठं केलं की आरशातला अंबाडा परातीएवढा होणार. मग काय करावं? मग या माणसाच्या डोक्यात जे आलं ते ऐका. जगात एकच फोटो असा होता ज्यात आरसा नव्हता. साडूचा.

गेले. या वेळी चपला नीट घालून गेले.

"साडूबुवा," ते म्हणाले, आवाजात मध घालून, "तो तुमचा कापलेला फोटो आहे ना, तोच वाचनालयाला द्यावा म्हणतो. चौकट चांगली साधलीय तुम्ही."

साडूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परवा तर मला चोर म्हणालात."

"रागाच्या भरात बोलतो माणूस."

"निगेटिव्ह नाही सापडलं?"

"सापडलं… म्हणजे… बुरशी लागलीय उजव्या बाजूला."

"अरेरे! मग घ्या की माझा. फक्त खाली आणखी एक ओळ टाकायला सांगा, 'संग्रह' म्हणून माझं नाव. लहान अक्षरात चालेल." साडू खुशीत आला. "तुमचं नाव वर, माझं खाली. घरातल्या घरात राहील."

हलूनका 'बरं' म्हणणारच होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं साडूच्या लग्नाचा फोटो होता, गुळगुळीत गालांचा.

साडूनं ते पाहिलं. "बघताय काय? जो येतो त्याला सांगतो मी. म्हणतो, इतका देखणा मी जन्मात नव्हतो, माझ्या साडूनं पेन्सिलीनं केलाय. परवा जावयालासुद्धा म्हणालो, चेहरा माझा आहे, पण फोटो त्यांचा."

"सगळ्यांना सांगता?"

"मग? नाहीतर लोक माझ्याकडं आणि फोटोकडं आळीपाळीनं बघतात हो! खुलासा करावाच लागतो."

अडतीस वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो मीटरवाला रोज पेन्सिलीचं नाव घेत होता. हलूनकांना याचाही हेवा वाटला. इतकं सोपं कसं जमतं याला? ते उठले.

"फोटो पाठवू ना मोबाइलवर?" साडूनं विचारलं.

"नको. बुरशी पुसून बघतो."

घरी येऊन ते बायकोसमोर बसले. निगेटिव्ह मध्ये ठेवलं.

"तू का नाही बोललीस कधी?"

तिनं निगेटिव्हकडं पाहिलंही नाही. "काय बोलायचं? तुम्ही इतकं रंगवून सांगत होतात. शिडी काय, पाऊस काय! पहिल्यांदा मला राग आला. मग म्हटलं, गोष्ट त्यांची असू दे, फोटो आपला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पण काल सही करून आलात ना, तेव्हा घास उतरला नाही."

"कशावर उभी होतीस तू?"

"कशावर नाही. डबक्यात. एक चप्पल त्यातच राहिली ती राहिलीच."

हलूनकांनी निगेटिव्ह उचलून पुन्हा उजेडाला धरलं. मग राहवेना म्हणून म्हणाले, "पुढची पानं जरा जास्त ठळक आलीयत."

"आली खरी. घाईत होते."

"पण करंगळी…" ते म्हणाले आणि थांबले. एकेचाळीस वर्षांत दुसऱ्याच्या फोटोबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "करंगळी उचलली तेव्हाच दाबलंस की आधीपासून थांबली होतीस?"

"थांबले होते. वस्तरा पुसला की तो करंगळी उचलतो, हे मी दोनदा बघून ठेवलं होतं."

"मग आणखी का नाही काढलेस? नंतर कधी?"

बायकोनं मटारची टरफलं गोळा केली आणि उठता उठता म्हणाली, "नंतर तुम्ही बरे झालात ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. कारण बरे झाल्याबरोबर त्यांनी कॅमेरा आपल्या खुंटीवर टांगला होता, आणि खुंटी उंच होती.

गुरुवारी हलूनका बायकोला घेऊन वाचनालयात गेले. निगेटिव्ह बाईंच्या हातात ठेवलं, आणि आपली सही असलेला कागद परत मागितला. बाई गोंधळल्या. हलूनकांनी भिंग देऊन आरसा दाखवला. बाईंनी पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या काकूंच्या अंबाड्याकडं पाहिलं, आणि नवा कागद काढला. काकूंनी सही करायला बराच वेळ लावला. सवय नव्हती. हलूनका मागून डोकावून बघत होते आणि पुटपुटत होते, "जरा वळणदार कर की."

ही बातमी साडूला कळली तेव्हा तो पोट धरून हसला, आणि मग विचारात पडला. त्यानं आपल्या पानावरून तो कापलेला फोटो काढला, ताईंना, म्हणजे हलूनकांच्या बायकोला, फोन करून विचारलं, "ताई, पूर्ण फोटो टाकू का? तुमचं नाव घालून?" ताईंनी हो म्हटल्यावर आरशासकट टाकला. त्यालाही पुन्हा वाहवा मिळालीच. त्याचं नशीबच तसं. हलूनकांनी त्या वाहवांचा आकडा पाहिला आणि मोबाइल उशीखाली पालथा घातला.

भिंतीवर फोटो लागला त्या सकाळी मोठी खोली भरली होती. बायको एका कोपऱ्यात बायकांच्या घोळक्यात अवघडून उभी होती, आणि लोक रांगेनं तिला नमस्कार करत होते. तिच्या हातात तो जुना कॅमेरा होता. हलूनकांनी सकाळीच तो खुंटीवरून काढून, पुसून, आत फिल्म भरून तिच्या पुढ्यात ठेवला होता आणि वर म्हणाले होते, "फिल्म मी भरलीय, हे लक्षात असू दे." आता ते एकटेच फोटोसमोर हाताची घडी घालून उभे होते, ओठ आवळून. पुरुषभर उंचीवर न्हाव्याची करंगळी आणखीच सुंदर दिसत होती, आणि ती बघून त्यांना आणखीच झोंबत होतं. एवढ्यात बाहेरून आलेला एक जाडजूड पाहुणा नेमका त्या पितळी पट्टीसमोर येऊन ठाकला. त्यानं फोटो पाहिला, हलूनकांची टोपी पाहिली, कुणीतरी त्याला सांगितलं असावं की हे इथले जुने फोटोवाले, आणि त्यानं आदरानं वाकून विचारलं, "काय कमाल आहे हो! तुम्हीच काढलात ना हा?"

हलूनका त्याच्याकडं न बघता जे बोलले ते शब्दन् शब्द असं होतं:

"नाही. मी त्या दिवशी गालगुंड होऊन घरात तोंड लपवून पडलो होतो. हा आमच्या हिनं काढलाय, डबक्यात उभं राहून, आणि एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून असा एकही निघाला नाही म्हणून मी सकाळपासून इथं जळत उभा आहे. आणि हे बघा, जन्मभर मी लोकांना हलू नका म्हणत आलो, पण तुम्ही जरा हला. तुमच्या पोटामागं तिचं नाव झाकलं जातंय."